तेल्याचे माप आणि किरणांची मात्रा

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



मी डॉक्टर नाही आणि भौतिकशास्त्रज्ञही नाही. परिचारिकेची पदविका घेऊन मी चाळीसहून अधिक वर्षे रुग्णसेवा केली. त्यातला बराच काळ कर्करोगाच्या विभागांत गेला, प्रथम मुंबईत आणि नंतर येथे ऑन्टारिओत. कार्यकारिणीने ‘किरणोपचार कितपत सुरक्षित असतात’ या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा हा विषय माझ्याहून अधिक शिकलेल्या व्यक्तीने मांडावा असे मला वाटले होते. तरीही मी होकार दिला, त्याचे कारण घरातलेच आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या यजमानांना प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी किरणोपचार घ्यावे लागले. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे चार आठवड्यांत वीस बैठका व्हायच्या होत्या. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी, बाहेर गोठवणारा वारा सुटलेला असताना, आम्ही सात वाजता इस्पितळात पोहोचलो. या उपचारात मूत्राशय भरलेले असावे लागते, म्हणून त्यांनी सांगितल्याप्रमाणे पाणी पिऊन घेतले होते. साडेसातच्या सुमारास तंत्रज्ञ मुलगी बाहेर आली आणि नम्रपणे म्हणाली की, सकाळच्या तपासणीत यंत्राचे माप ठरलेल्या मर्यादेबाहेर आले आहे, भौतिकतज्ज्ञ पाहत आहेत, आज उपचार होतीलच असे सांगता येत नाही. आणि प्रसाधनगृह डावीकडे आहे, हेही तिने सांगितले.

दोन तासांनी आम्ही उपचाराविना परत निघालो. गाडीत बसल्यावर यजमान म्हणाले, “इतके दिवस मी बिघडलेल्या यंत्राखाली झोपत होतो. उद्यापासून मी जाणार नाही.”

त्या संध्याकाळी मी त्यांना जे समजावून सांगितले, तेच आज थोड्या विस्ताराने आपणांपुढे ठेवणार आहे. ते स्वतः तिसऱ्या रांगेत बसले आहेत, तेव्हा माझ्याकडून काही अतिशयोक्ती झाल्यास ते मला तेथूनच थांबवतील.

न दिसणारे औषध

गोळी हातात घेऊन पाहता येते. इंजेक्शनची मात्रा सिरिंजवरच्या रेघांशी डोळ्यांनी पडताळता येते, आणि जोखमीचे औषध असेल तर दोन परिचारिका ती मिळून तपासतात. किरणांचे तसे नाही. त्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. रुग्ण मेजावर निजतो, यंत्र गुणगुणत त्याच्याभोवती फिरते आणि काही मिनिटांत तो उठून घरी जातो. मात्रा बरोबर मिळाली, कमी पडली की जास्त झाली, हे सहसा त्याला कळत नाही आणि खोलीबाहेर बसलेल्या तंत्रज्ञालाही नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. परिणाम दिसतो तो काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी.

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम शरीरभागाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, म्हणजे एक ग्रे. पूर्वापार पद्धतीत दररोज साधारण दोन ग्रे देतात. माझ्या यजमानांना दररोज तीन, असे वीस दिवसांत साठ ग्रे द्यायचे होते. किरणांनी पेशींमधले डीएनए तुटते. निरोगी पेशी ती मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करून घेतात. कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही. सारा उपचार या फरकावर उभा आहे आणि हा फरक फार मोठा नाही. मात्रा थोडी कमी पडली तर कर्करोग मागे उरतो. थोडी जास्त झाली तर शेजारचे आतडे वा मूत्राशय कायमचे दुखावते. म्हणूनच किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ सालीच असे मांडले होते की, रुग्णाला मिळणारी मात्रा ठरवलेल्या मात्रेच्या पाच टक्क्यांच्या आत असावी. या पाच टक्क्यांत यंत्राची चूक, गणिताची चूक आणि रुग्ण हलल्यामुळे झालेली चूक, सर्व काही बसवायचे असते.

माझ्या तरुणपणी किरणांचा झोत चौकोनी असे. गाठीभोवती बरेच अंतर सोडून तो टाकीत. आता टंगस्टनच्या पातळ पट्ट्या संगणकाच्या आज्ञेने पुढेमागे सरकतात आणि झोताला गाठीचाच आकार देतात. भोवती सोडलेले अंतर काही मिलिमीटरांवर आले आहे. रुग्णासाठी हे वरदान आहे, पण त्याची किंमतही आहे. सैल अंगरख्यात अर्धा इंच इकडेतिकडे झाले तरी चालून जाते. अंगाबरोबर शिवलेल्या कपड्यात चालत नाही. उपचार जितका नेमका, तितकी त्याच्या तपासणीची गरज अधिक.

आपल्या पूर्वजांचे माप

कोकणात आपल्या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे येथल्या मुलांनाही आता ठाऊक आहे. तेल गाळण्याचा आपला धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून ते नाव पडले. त्या तेल्याच्या मापाचा विचार करा. तेल ओतताना एखादे वेळी हात हलला, तर एका गिऱ्हाइकाला तेल कमी जाईल. ते तक्रार करील आणि चूक लगेच उघडकीस येईल. पण मापालाच पोचा पडलेला असेल तर? मग गावातल्या प्रत्येक घरी तेल सारखेच कमी जाईल. शेजारणीच्या बुधल्याशी आपला बुधला ताडून पाहिला तरी दोन्ही सारखेच भरतील. तेली प्रामाणिक, गिऱ्हाईक समाधानी, आणि चूक वर्षानुवर्षे चालू. ती पकडायची तर दुसऱ्या गावचे माप आणून शेजारी ठेवावे लागेल. खरे वजन आणि खरे माप ठेवण्याची आज्ञा तोरामध्ये आहेच. परंतु खरे माप ठेवण्यासाठी मन खरे असणे पुरत नाही, माप वेळोवेळी तपासावेही लागते.

किरणोपचारात ‘गुणवत्ता हमी’ असा जो शब्द वापरतात, त्याचा अर्थ एवढाच: ओतणारा हातही तपासायचा आणि मापही तपासायचे, आणि माप तपासणारा हात दुसऱ्याचा असायचा.

ही गोष्ट ज्या देशात आपण राहतो त्या देशाने फार लवकर ओळखली होती. १९५१ साली कॅनडाच्या चॉक रिव्हर येथील अणुभट्टीत तयार झालेले कोबाल्ट-६० दोन ठिकाणी पोहोचले: एक ऑन्टारिओतल्या लंडन शहरी आणि दुसरे सास्काटूनला. जगातला पहिला कोबाल्ट उपचार त्या वर्षी २७ ऑक्टोबर रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया इस्पितळात झाला. सास्काटूनचे यंत्र ऑगस्टमध्येच उभे राहिले होते, तरी तेथला पहिला रुग्ण ८ नोव्हेंबरला मेजावर निजला. मधले आठवडे डॉ. हॅरल्ड जॉन्स आणि त्यांचे विद्यार्थी मोजमाप करीत होते: किती खोलीवर किती मात्रा पोहोचते, झोताचा आकार बदलला की ती किती बदलते. त्या चमूत सिल्व्हिया फेडोरुक नावाची एक तरुण मुलगी होती, जी पुढे सास्काचेवान प्रांताची लेफ्टनंट गव्हर्नर झाली. लंडनला कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. दोन्ही शहरांनी असंख्य रुग्णांवर उपकार केले आहेत. पण पहिलेपणाचा मान बारा दिवसांनी हुकला तरी मोजणे पुरे झाल्याविना रुग्णाला हात न लावणारी माणसे या शास्त्राच्या आरंभालाच होती, हे मला फार मोलाचे वाटते.

माझ्या हातून घडलेली चूक

आता एक जुनी गोष्ट सांगते, जी मी इतकी वर्षे फारशी कोणाला सांगितली नाही.

१९७०च्या दशकात मी मुंबईच्या एका इस्पितळात होते. कोबाल्टच्या यंत्रावर त्या काळी वेळेचे घड्याळ लावीत. कोबाल्टची शक्ती दर महिन्याला सुमारे एक टक्का घटते आणि सव्वापाच वर्षांत निम्मी होते; त्यामुळे त्याच मात्रेसाठी वेळ हळूहळू वाढवीत न्यावी लागते. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर किती मिनिटे, किती सेकंद, हे लिहिलेले असे. आमच्या वॉर्डात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या दोन बाया एकाच नावाच्या होत्या. दोघी कोकणातल्या, दोघींचे वयही जवळपास सारखे.

त्यांपैकी एक मला म्हणाली, “बाई, आज ते मशीन लई वेळ चाललं.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, “असं वाटतं कधीकधी. घाबरलं की वेळ मोठा वाटतो.” दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच सांगितले. मी पुन्हा तेच उत्तर दिले, या खेपेस थोडे तुटकपणे. त्या आठवड्याचे कागद पडताळताना भौतिकतज्ज्ञांच्या लक्षात आले की दोघींचे कागद अदलाबदल झाले आहेत. फरक मोठा नव्हता. डॉक्टरांनी पुढच्या दिवसांच्या मात्रेत तो भरून काढला आणि दोघी ठरल्याप्रमाणे घरी गेल्या. मला कोणी रागावले नाही. पण कोणत्याही उपकरणाच्या आधी त्या बाईने चूक मोजली होती. तिच्याजवळ घड्याळ नव्हते, तरी तिचे माप बरोबर होते. आणि तिचे बोलणे भौतिकतज्ज्ञांपर्यंत पोहोचवणे हे ज्या एका व्यक्तीचे काम होते, त्या व्यक्तीने तिला गप्प केले होते.

आज येथे प्रत्येक बैठकीपूर्वी तंत्रज्ञ तुमचे नाव आणि जन्मतारीख विचारतात. वीस दिवस त्याच चेहऱ्याला तेच प्रश्न. माझे यजमान कुरकुरत, “ही मुलगी मला रोज पाहते, तरी विचारते!” मी त्यांना म्हणे, “विचारू दे. आणि नुसती मान डोलावू नका, स्वतःच्या तोंडाने सांगा.”

हॅमिल्टन, १९८५

माझी चूक लहान होती, म्हणून निभावली. तशाच स्वभावाची मोठी चूक आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर, हॅमिल्टन शहरात घडली.

‘थेरॅक-२५’ हे यंत्र कॅनडाच्या अणुऊर्जा कंपनीने बनवले होते. अमेरिका आणि कॅनडा मिळून अशी अकरा यंत्रे बसवली गेली. त्याच्या आधीच्या नमुन्यांत झोत चुकीच्या स्थितीत सुरू होऊ नये म्हणून विजेचे आणि यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात त्यांतले बरेच काढून ते काम संगणकाच्या आज्ञावलीवर सोपवण्यात आले. आज्ञावलीत दोष होते, आणि ती चुकली तर तिला अडवणारे दुसरे काही उरले नव्हते.

२६ जुलै १९८५ रोजी हॅमिल्टनच्या कर्करोग चिकित्सालयात चाळीस वर्षांची एक स्त्री आपल्या चोविसाव्या बैठकीसाठी आली. यंत्र पाच सेकंदांत थांबले आणि पडद्यावर ‘मात्रा दिली गेली नाही’ असे दिसू लागले. यंत्र असे वारंवार थांबे, त्यामुळे चालवणाऱ्यांना त्याची सवय झाली होती. ‘पुढे चालू’ची कळ दाबण्यात आली. यंत्र पुन्हा थांबले, पुन्हा कळ दाबली गेली. असे चार वेळा झाल्यावर यंत्र पूर्ण बंद पडले. तंत्रज्ञाने तपासले, त्याला दोष सापडला नाही. त्या स्त्रीने मात्र सांगितले की नितंबापाशी जळल्यासारखे, विजेचा झटका बसल्यासारखे वाटते आहे. पडदा म्हणत होता मात्रा शून्य. रुग्ण म्हणत होती आग झाली. रुग्णाचेच खरे होते. नंतरच्या अंदाजाप्रमाणे तिला शंभर ग्रेहून कितीतरी अधिक मात्रा मिळाली होती. ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कर्करोगाने वारली. ती जगली असती तर तिला खुबा बदलून घ्यावा लागला असता.

जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्रांनी सहा जणांना अशी भयंकर मात्रा दिली आणि त्यांतल्या काहींचा मृत्यू ओढवला. जॉर्जियातल्या पहिल्या स्त्रीने मेजावरच सांगितले होते की तुम्ही मला भाजले. तिला उत्तर मिळाले की असे होणे शक्यच नाही. टेक्सासमधल्या टायलर येथे मार्च १९८६ मध्ये एका रुग्णाला झटका बसला, तेव्हा खोलीतला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकण्याचे साधन बिघडलेले होते. तो ओरडला, पण ते बाहेर ऐकूच गेले नाही.

दोष सापडला तोही टायलरलाच. तेथले भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ यांनी कंपनीच्या ‘शक्य नाही’ या उत्तरावर समाधान मानले नाही. दोघांनी बसून त्या दिवशीच्या कळा पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या. आधी चुकीची कळ दाबून ती चटकन दुरुस्त केली, आठ सेकंदांच्या आत, की यंत्र गोंधळून जाते, हे त्यांना आढळले. पुढे १९८७ मध्ये त्या यंत्रांना आज्ञावलीवर अवलंबून नसलेले अडसर पुन्हा बसवण्यात आले.

ओटावा, २००४ ते २००७

हॅमिल्टनची चूक जळजळीत होती. ती ओरडून सांगता आली. ओटावाची चूक पोचलेल्या मापाची होती.

ओटावाच्या कर्करोग केंद्रात त्वचेच्या कर्करोगासाठी कमी शक्तीच्या क्ष-किरणांचे एक यंत्र वापरीत. कोणत्या आकाराच्या नळीला किती मात्रा बाहेर पडते याचा तक्ता केलेला होता आणि त्या तक्त्यातच चूक होती. नोव्हेंबर २००४ ते नोव्हेंबर २००७, पूर्ण तीन वर्षे, रुग्णांना ठरवलेल्यापेक्षा कमी मात्रा मिळत राहिली. काहींना तीन टक्के, काहींना सतरा टक्क्यांपर्यंत कमी. अशा रुग्णांची संख्या ३२६ होती. कोणाला भाजले नाही, कोणी तक्रार केली नाही. तंत्रज्ञ रोज तक्त्याप्रमाणे अचूक काम करीत होते. चूक उघडकीस आल्यावर कॅन्सर केअर ऑन्टारिओने बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली आणि २००८ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला.

हा अहवाल लपवला गेला नाही, ही या देशाची मोठी गोष्ट आहे. पण मला अस्वस्थ करते ते हे की रुग्णाचे बोलणे ऐकण्याने ही चूक कधीच सापडली नसती. येथे ऐकायला काही नव्हतेच. येथे दुसऱ्या गावचे मापच हवे होते.

आज सकाळी सहा वाजता काय होते

म्हणून आता आपले इस्पितळ रोज काय करते ते सांगते.

पहिला रुग्ण येण्याआधी तंत्रज्ञ मेजावर एक मोजणीचे उपकरण ठेवून झोत सुरू करतात. बाहेर पडणारी मात्रा नेहमीच्या तुलनेत तीन टक्क्यांच्या आत हवी. भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेषा योग्य बिंदूत मिळतात का, दार उघडताच झोत बंद होतो का, कॅमेरा दिसतो का, आतला आवाज बाहेर ऐकू येतो का, हे सारे पाहतात. कॅमेरा आणि आवाज तपासण्याचे खूळ कशाला, असे ज्याला वाटेल त्याने टायलरच्या त्या माणसाची आठवण करावी.

दर महिन्याला भौतिकतज्ज्ञ वेगळे उपकरण घेऊन तेच माप पुन्हा घेतो. मर्यादा दोन टक्के. वर्षातून एकदा पाण्याने भरलेल्या टाकीत सविस्तर मोजणी होते. मर्यादा एक टक्का. टाकीत पाणीच का, तर आपले शरीर बहुतांशी पाण्यासारखेच किरण शोषते म्हणून. आणि भौतिकतज्ज्ञाचे उपकरण तरी खरे कशावरून? तेही दर दोन वर्षांनी ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत राष्ट्रीय मानकाशी ताडून आणावे लागते. याशिवाय अनेक केंद्रे बाहेरच्या संस्थेकडून टपालाने आलेल्या लहानशा मापक चकत्यांवर किरण टाकून त्या परत पाठवतात, आणि ती संस्था त्यांना त्यांची मात्रा कळवते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना ही टपालाची तपासणी १९६९ पासून जगभरच्या इस्पितळांसाठी करीत आल्या आहेत. दुसऱ्या गावचे माप ते हेच.

यंत्र झाले, आता रुग्णाची आखणी. डॉक्टरांनी गाठीची सीमा आखली की दुसरे डॉक्टर ती पाहतात. संगणकाने केलेले मात्रेचे गणित वेगळ्या आज्ञावलीने पुन्हा करतात. गुंतागुंतीच्या आखणीत तर रुग्णाऐवजी मापकांनी भरलेली प्रतिकृती मेजावर ठेवून संपूर्ण उपचार एकदा चालवून पाहतात. गणितात जेथे जितकी मात्रा सांगितली, तेथे तितकी पोहोचली का, हे बिंदू-बिंदूने ताडतात. तीन टक्के आणि दोन मिलिमीटर इतकी सूट देऊन शंभरातले पंचाण्णव बिंदू जुळले नाहीत तर आखणी पुढे जात नाही. मेंदूतल्या बारीक गाठीसाठी एक लहान धातूची गोळी यंत्राच्या मध्यबिंदूवर ठेवतात आणि यंत्र सर्व बाजूंनी फिरवून तिची चित्रे घेतात. झोताचा मध्य त्या गोळीच्या मध्यापासून एका मिलिमीटरहून अधिक ढळता कामा नये. प्रत्यक्ष बैठकीच्या वेळी मेजावरच स्कॅन काढून गाठ आज कोठे आहे ते पाहतात. माझ्या यजमानांच्या ग्रंथीत त्यासाठी सोन्याचे तीन बारीक दाणे बसवले होते. घरातले बाकीचे सोने माझ्याकडे आहे, एवढे त्यांच्याकडे, असे ते पाहुण्यांना सांगत असतात.

या सर्वांवर देखरेख आहे. कॅनडाच्या अणुसुरक्षा आयोगाच्या परवान्याविना असे यंत्र चालवता येत नाही. २०१० साली डॉक्टर, भौतिकतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ यांच्या राष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन दर्जाची समान मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्याचे काम हाती घेतले. घडलेल्या चुका, आणि घडता घडता राहिलेल्या चुकासुद्धा, नोंदवण्याची राष्ट्रीय पद्धत आता आहे. माझ्या मुंबईच्या त्या दोन बायांची गोष्ट आज घडती, तर ती अशी नोंदवली गेली असती आणि दुसऱ्या प्रांतातल्या एखाद्या परिचारिकेला त्यातून शिकता आले असते.

आपल्या बाजूचे काम

त्या संध्याकाळी यजमानांना मी शेवटी एवढेच म्हटले, “तुम्ही बिघडलेल्या यंत्राखाली झोपला नाहीत. काल सकाळी ते मर्यादेत होते, परवाही होते. तशी नोंद आहे, विचारा. आज ते मर्यादेबाहेर गेले आणि तुम्ही त्याच्याखाली झोपण्यापूर्वीच कोणाच्या तरी ते लक्षात आले. हॅमिल्टनच्या बाईसाठी यंत्र कोणी असे थांबवले असते तर?”

दुसऱ्या दिवशी ते गेले. आत जाण्यापूर्वी त्यांनी तंत्रज्ञ मुलीला विचारले, “आज माप किती आले?” ती क्षणभर चकित झाली, मग आत जाऊन आकडा घेऊन आली. पुढचे सर्व दिवस ती न विचारताच सांगत असे. वीस बैठका पूर्ण झाल्या.

आपल्यापैकी ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांना माझी विनंती आहे. नाव आणि जन्मतारीख रोज स्वतः सांगा. सांगितलेले पाणी, सांगितलेला उपवास काटेकोर पाळा. तुमचे शरीर रोज त्याच स्थितीत असणे हेही अचूकतेतच मोडते. मेजावर काही वेगळे वाटले, ऊब, झटका, नेहमीपेक्षा जास्त वेळ, तर हात वर करा किंवा आवाज द्या. ते तुम्हाला ऐकतात. नंतर म्हणू, असे ठेवू नका. आणि ज्या परिचारिका माझे हे बोलणे ऐकत वा वाचत असतील त्यांना सांगते: रुग्ण म्हणाला की आज काही वेगळे झाले, तर पाठीवर हात जरूर ठेवा, पण दुसऱ्या हाताने फोन उचला.

श्रोत्यांचे प्रश्न

*मावशी, एक दिवस चुकला तर उपचार वाया जातो का?*

नाही. तो दिवस शेवटी जोडतात. मात्र डोके-मान किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार लांबणे चांगले नसते. तेव्हा एका दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन बैठका देऊन किंवा सुट्टीच्या दिवशी बोलावून भरपाई करतात. तुमच्या बाबतीत काय करणार, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

*शनिवारी बोलावले तर?*

मी धर्मशास्त्राची जाणकार नाही, पण जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवावा याबद्दल आपल्या धर्मगुरूंत दुमत नाही. मनात शंका असेल तर उपचाराच्या आधीच त्यांच्याशी बोलून घ्या. ऐन वेळी बैठक चुकवू नका.

*ठाण्याला माझ्या बहिणीचे उपचार सुरू व्हायचे आहेत. तिने काय विचारावे?*

तीन गोष्टी. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे ना, हा पहिला प्रश्न. हे मंडळ १९८३ पासून आहे आणि त्याचे मुख्यालय मुंबईतच आहे. इस्पितळात भौतिकतज्ज्ञ रोज हजर असतो का, हा दुसरा. आणि यंत्राची मात्रा बाहेरच्या संस्थेकडून शेवटची कधी तपासली, हा तिसरा. टपालाने चकत्या पाठवून अशी तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्र पुष्कळ वर्षांपासून करीत आले आहे. प्रश्न नम्रपणे विचारावेत. चांगले इस्पितळ त्याने रागावत नाही. आणि बहिणीबरोबर पहिल्या दिवशी कोणीतरी जा, म्हणजे तिला काही वाटले तर ते सांगायला दुसरे माणूस असेल.